आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी : नव्या वैमानिकांच्या वाट पाहण्याविषयी

मागच्या वेळी आपण निश्चय या शब्दावर बोललो. आज त्याच्या शेजारी राहणारे तीन शब्द घेऊ : महत्त्वाकांक्षा, धीर आणि आशा. हे शब्द सत्काराच्या भाषणांत इतके वापरले गेले आहेत की ते पार गुळगुळीत झाले आहेत. नुसते हवेत बोलून त्यांच्यातून काही निघायचे नाही. म्हणून एक ठोस उदाहरण घ्यायचे ठरवले. हवेत बोलायचे नाही म्हणून हवेत उडणाऱ्यांचेच उदाहरण घेतले, हा योगायोग समजा.

उदाहरण आहे नुकत्याच वैमानिक झालेल्या, पण अजून नोकरी न लागलेल्या मुलामुलींचे. आपल्याकडे बारामती, धुळे, गोंदिया इथे विमान चालवायला शिकवणाऱ्या संस्था आहेत. काही मुले रायबरेलीजवळच्या फुरसतगंजला जातात, काही परदेशी जातात. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागते. डोळे, कान, हृदय, सगळ्याची कडक वैद्यकीय तपासणी होते. नॅव्हिगेशन, हवामानशास्त्र, नियम, विमानाची तांत्रिक माहिती अशा विषयांचे पेपर असतात आणि उत्तीर्ण व्हायला 70 टक्के लागतात. शिवाय 200 तासांचे उड्डाण. त्यातले 100 तास विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन. एक लांबचा प्रवास किमान 300 सागरी मैलांचा, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. रात्रीची उड्डाणे वेगळी. हे सगळे झाले की व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळतो. आपण त्याला सीपीएल म्हणू, मुलेही तेच म्हणतात.

आता घरच्यांची समजूत अशी असते की परवाना मिळाला म्हणजे पोरगं वैमानिक झालं. पेढे वाटले जातात. मग पुढच्या महिन्यात कुणीतरी विचारतं, कुठल्या कंपनीत? आणि इथून आपला विषय सुरू होतो.

विमान कंपनीत को-पायलट म्हणून उजव्या बाजूच्या खुर्चीत बसायचे तर त्या विशिष्ट विमानाचे, समजा एअरबस 320 चे, वेगळे प्रशिक्षण लागते. त्याला टाइप रेटिंग म्हणतात आणि त्याचा खर्चही वेगळा. त्याच्याही आधी कंपनीची जाहिरात निघावी लागते. ती कधी निघेल हे मुलाच्या हातात नसते. 2012 मध्ये किंगफिशरची विमाने थांबली. एप्रिल 2019 मध्ये जेट एअरवेज बंद पडली. मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे देशांतर्गत विमानसेवाच दोन महिने पूर्ण बंद होती. मे 2023 मध्ये गो फर्स्ट थांबली. अशा प्रत्येक वेळी हजारो तासांचा अनुभव असलेले वैमानिक बाजारात आले आणि 200 तासवाली मुले रांगेत आणखी मागे गेली. आणि त्याच 2023 मध्ये एअर इंडियाने 470 विमानांची आणि इंडिगोने 500 विमानांची मागणी नोंदवली! म्हणजे एकाच वर्षात एक दार धाडकन बंद होते आणि दुसरी दोन उघडणार अशी बातमी येते. वीस वर्षांच्या मुलाने यातून काय अर्थ लावायचा?

अर्थ लावायचा, हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. आमचा धंदा तत्त्वज्ञान शिकवण्याचा, त्यामुळे आम्हाला इथे न्यायशास्त्र आठवते. अन्नंभट्टांचा तर्कसंग्रह नावाचा छोटा ग्रंथ आहे, संस्कृत पाठशाळांत न्यायाची सुरुवात त्याच्यापासून करतात. वाक्याचा अर्थ कळायला काय काय लागते, असा प्रश्न त्यात येतो. उत्तर असे की तीन गोष्टी लागतात : आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी.

आकांक्षा म्हणजे एका शब्दाला दुसऱ्या शब्दाची लागलेली ओढ. 'गाय, घोडा, माणूस, हत्ती' असे नुसते म्हटले तर वाक्य होत नाही, कारण यातल्या कुठल्याच शब्दाला दुसऱ्याची गरज नाही. योग्यता म्हणजे त्या शब्दांचा एकमेकांशी जमणारा मेळ. 'विस्तवाने शिंपण कर' म्हटले तर व्याकरण ठीक, पण विस्तवात शिंपण्याची योग्यता नाही. आणि सन्निधी म्हणजे शब्द वेळेत एकमेकांजवळ येणे. सकाळी कुणी 'गाय' म्हणाले आणि प्रहर उलटून गेल्यावर 'आण' म्हणाले, तर ऐकणाऱ्याला काही कळत नाही. दोन्ही शब्द बरोबर आहेत. ओढ आहे, मेळ आहे. फक्त मधे काळ गेला.

आता बघा. महत्त्वाकांक्षा या शब्दातच आकांक्षा बसलेली आहे. आपण तिला हाव समजतो, मोठे होण्याची हाव. शास्त्रातला अर्थ अधिक सभ्य आहे. मी एकटा अपुरा शब्द आहे, मला माझ्या क्रियापदाची गरज आहे, एवढेच ती सांगते. या मुलांपाशी आकांक्षा आहे. योग्यताही आहे, सरकारने शिक्का मारून दिलेली. नाही ती सन्निधी. परवाना एका प्रहरी उच्चारला गेला आणि नोकरी दुसऱ्या प्रहरी उच्चारली जाईल. मधल्या काळात लोक म्हणतात, या मुलाचे काही चुकले. मूलही तसेच म्हणू लागते. आमचे म्हणणे असे की वाक्य चुकलेले नाही, ते अर्धवट उच्चारलेले आहे. या दोन गोष्टींतला फरक ज्याला कळला नाही, तो स्वतःच्या योग्यतेवर संशय घेत बसतो आणि नको तिथे खचतो.

इथे कुणी म्हणेल, ठीक आहे, मग धीर धरा. हा सल्ला फार स्वस्त आहे. आणि तो बहुतेक वेळा ज्यांचा पगार किंवा पेन्शन चालू आहे अशी आमच्यासारखी माणसे देतात. या शिक्षणाला 50 लाखांच्या पुढे खर्च येतो. एखाद्या शाळामास्तराने किंवा एसटीतल्या माणसाने भविष्यनिर्वाह निधी काढून, राहते घर तारण ठेवून ते पैसे उभे केलेले असतात. हप्ता दर महिन्याला येतो, तो कुणाच्या सन्निधीची वाट पाहत नाही. अशा घरात धीर हा सद्गुण नसून खर्चाची बाब असते. तो कोण भरणार, किती दिवस भरणार, हे विचारल्याशिवाय धीराचा उपदेश करणे आम्हाला अप्रामाणिक वाटते.

शिवाय या धंद्यात नुसते बसून राहता येत नाही. योग्यता शिळी होते! वैद्यकीय प्रमाणपत्र दर वर्षी नवे करावे लागते. फक्त यंत्रांवर विसंबून ढगातून उडण्याची जी पात्रता असते, तिचीही मुदत असते, तिच्यासाठी पुन्हा चाचणी द्यावी लागते. हात बसलेला राहावा म्हणून अधूनमधून उडावे लागते आणि प्रत्येक तासाला पैसे पडतात. एका जुन्या विद्यार्थिनीचा मुलगा आम्हाला भेटायला आला होता, परवाना मिळून दीड वर्ष झालेला. काय करतोस, असे विचारल्यावर तो म्हणाला, "सर, काहीच होत नाही, पण दिवसभर वेळ नसतो." सकाळी अभ्यास, दुपारी वडिलांच्या दुकानात, रात्री मित्रांबरोबर मुलाखतीची तयारी. हे वाक्य आम्हाला कुठल्याही ग्रंथातल्या व्याख्येपेक्षा नेमके वाटले.

धीर म्हणजे काय, हे वैमानिकांना त्यांच्या धंद्यातच शिकवलेले असते, फक्त ते स्वतःच्या आयुष्याला लावून बघत नाहीत. पावसाळ्यात मुंबईला येणाऱ्या विमानात आपण बसलेले असतो. खाली धावपट्टी दिसत नाही. मग विमान घिरट्या घालू लागते. प्रवासी वैतागतात. कॉकपिटमध्ये त्याला होल्डिंग म्हणतात. आकाशातला एक ठरलेला बिंदू असतो. त्याच्यावरून जायचे, एक मिनिट सरळ, एक मिनिट वळण, पुन्हा एक मिनिट सरळ, पुन्हा वळण. कमी उंचीवर नेहमीची एक फेरी साधारण चार मिनिटांची. घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानासारखा लांबट आकार. बाहेरून बघणाऱ्याला वाटते, हे विमान कुठेच जात नाही. आत मात्र सतत काम चालू असते. वारा किती, वेळ किती सांगितली, इंधन किती उरले.

आणि सगळ्यात महत्त्वाचे इंधन. प्रवासी विमान निघते तेव्हा त्यात फक्त मुंबईपर्यंतचे इंधन नसते. मुंबईला उतरता आले नाही तर अहमदाबाद, गोवा किंवा हैदराबाद असा जो पर्यायी विमानतळ ठरलेला असतो, तिथपर्यंतचे असते. त्याच्यावर आणखी अर्ध्या तासाचे राखीव असते आणि त्याला हात लावायचा नाही असा दंडक असतो. किती फेऱ्या मारायच्या हे म्हणजे वैमानिकाच्या जिद्दीवर नाही, टाकीवर ठरते. अमुक किलो इंधन उरले की निघायचे, हा आकडा होल्डमध्ये शिरतानाच काढलेला असतो. त्या आकड्याला पोचल्यावर खालून कुणी "आणखी पाच मिनिटे थांबा, होईल" असे म्हटले, तरी निव्वळ तेवढ्या भरवशावर तो आकडा मोडायचा नसतो.

आमच्या मते धीराची याहून चांगली व्याख्या सापडणे कठीण. जिथे आपण आहोत तिथे आपली उंची न सोडता, हिशेब चालू ठेवून, ठरवलेल्या मर्यादेपर्यंत थांबणे. मर्यादा नसेल तर तो धीर नव्हे, ते अडकून पडणे झाले. गीतेच्या अठराव्या अध्यायात सात्त्विक कर्त्याचे वर्णन करताना धृती आणि उत्साह हे दोन शब्द एकाच समासात जोडून घातले आहेत. आपण एरवी त्यांना वेगळे करतो. उत्साह तरुणांना देतो आणि धृती म्हाताऱ्यांना. होल्डमधल्या वैमानिकाला दोन्ही एकाच क्षणी लागतात.

धीर वयाने आपोआप येतो असेही कुणी समजू नये. 27 मार्च 1977 रोजी टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन जम्बो विमानांची टक्कर झाली, 583 माणसे गेली. उड्डाणाची परवानगी मिळण्याआधीच ज्याने विमान धावपट्टीवर सोडले तो कॅप्टन नवशिका नव्हता. केएलएमचा ज्येष्ठ प्रशिक्षक होता. तासन् तास खोळंबा झाला होता, ड्यूटीच्या तासांची मर्यादा जवळ येत होती. समोरचे विमान अजून धावपट्टीवरून हटले नाही का, असा प्रश्न त्याच्याच कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरने विचारला होता. हे आम्ही कुणाला नावे ठेवायला सांगत नाही. पण ज्या मुलांना आज आपण 'थांबायला लागतंय बिचाऱ्यांना' म्हणतो, त्यांना तीस-पस्तीस वर्षे थांबण्याचाच व्यवसाय करायचा आहे. धुक्यासाठी थांबायचे, परवानगीसाठी थांबायचे, उतरताना काही जमले नाही तर पुन्हा वर जाऊन फेरी मारायची. तेव्हा मधली ही वर्षे व्यवसायाच्या बाहेरची आहेत असे मानायचे कारण नाही.

पर्यायी विमानतळाकडे परत येऊ, कारण खरी अडचण तिथे आहे. आपल्याला लहानपणापासून सिंहगडाची गोष्ट सांगितलेली असते. तानाजी पडला, मावळे मागे वळले, तेव्हा सूर्याजीने परतीचे दोर कापले. गोष्ट मोठी आहे आणि त्या रात्री त्या कड्यावर ते बरोबरच होते. पण आपण तिचा सरसकट मंत्र करून टाकला. क्लासवाले सांगतात, दुसरा पर्याय ठेवूच नका. पर्याय ठेवला म्हणजे श्रद्धा कमी. मुलगा बँकेची परीक्षा देतो म्हटला तर बाप दुखावतो : एवढा खर्च केला तो काय यासाठी?

आणि विमानविद्या काय सांगते? दोर कापलेल्या माणसाला ती सहसा जमिनीवरून उठूच देत नाही. प्रवासी विमानाच्या प्रवासाच्या योजनेत पर्यायी विमानतळ लिहिलेला असतो, सूट मिळते ती मोजक्या, ठरवून दिलेल्या परिस्थितीत. तो लिहिला म्हणून वैमानिकाची मुंबईला उतरण्याची इच्छा कमी होत नाही. उलट पर्याय पक्का असल्यामुळेच तो शांत डोक्याने मुंबईची वाट पाहू शकतो. पर्याय नसलेला माणूस धुक्यातही खाली उतरायला बघतो. आयुष्यात याचे रूप असे दिसते की पर्याय नसलेला मुलगा कुणा दलालाला पैसे देतो, वाटेल त्या अटींच्या करारावर सही करतो, नाहीतर घरात सगळ्यांवर चिडत बसतो. पर्याय कुठले? कुणी विमान शिकवणारा प्रशिक्षक होतो, त्यात तासही वाढतात. कुणी कंपनीच्या उड्डाणांची आखणी करणाऱ्या विभागात काम धरतो. कुणी पदवी पुरी करतो. कुणी दुकानात बसतो, त्यातही कमीपणा नाही. निघण्याआधी तो कागदावर लिहिलेला असावा आणि घरातल्या सगळ्यांना माहीत असावा, एवढेच.

आता आशा. आपल्या परंपरेने आशेकडे फारसे प्रेमाने पाहिलेले नाही. ती बांधून ठेवते, पळवते, अशी तिची कीर्ती. पाश्चात्त्यांत स्पिनोझाही जवळपास तिथेच येतो. आशा म्हणजे ज्याचा शेवट काय होईल याची शंका आहे अशा गोष्टीच्या कल्पनेतून येणारा अस्थिर आनंद, आणि म्हणून तिच्या पोटात भीती असतेच, असे तो म्हणतो. हे खोटे नाही. मुलाखतीचा निकाल ईमेलने येणार असतो तेव्हाची आशा ती हीच. दर दहा मिनिटांनी फोन बघायला लावणारी.

पण तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनसने आशेच्या विषयाला चार अटी घातल्या आहेत आणि त्या आम्हाला इथे अधिक उपयोगी वाटतात. ती गोष्ट चांगली हवी, भविष्यातली हवी, कठीण हवी आणि शक्य हवी. सोप्या गोष्टीची आशा करत नाहीत, ती नुसती इच्छा. अशक्य गोष्टीची आशा करत नाहीत, ती नुसती कल्पना. आता शक्य आहे का, हे रोज पालटू शकते. म्हणून आशेला माहिती लागते. बाजारात भरती चालू आहे का, आपली कागदपत्रे चालू आहेत का, वैद्यकीय तपासणीत काही निघाले का, हे न बघता केलेली आशा अक्वायनसच्या शब्दांत बसत नाही. मुलाला "सकारात्मक राहा" म्हणण्यापेक्षा "यंदा भरती कुठे झाली रे?" असे विचारणे आम्हाला जास्त आशादायक वाटते. जाता जाता एक गंमत सांगतो. संस्कृतात आशा या शब्दाचा दुसरा अर्थ दिशा असा आहे. अमरकोशात दिशेच्या समानार्थी शब्दांत तो दिलेला आहे. व्युत्पत्तीचे पंडित हे दोन वेगळे शब्द मानतात, मानू देत. वैमानिकाला दोन्ही चालतील.

महत्त्वाकांक्षेबद्दल एक राहिले. रांगेत उभे असले की पुढचा माणूस शत्रू वाटू लागतो. मित्राची निवड झाली आणि आपली झाली नाही, त्या रात्रीचे काय करायचे? 1930 मधल्या शर्यतीसाठी आगाखानांनी बक्षीस लावले होते : जो भारतीय भारत ते इंग्लंड किंवा उलट असा प्रवास विमानाने एकट्याने, एका महिन्याच्या आत पुरा करील त्याला 500 पौंड. तीन तरुण उतरले. जे. आर. डी. टाटांना आदल्याच वर्षी, 10 फेब्रुवारी 1929 रोजी, भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला होता. ते कराचीहून निघाले. अ‍ॅस्पी इंजिनिअर नावाचा कोवळा मुलगा इंग्लंडहून निघाला. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. अ‍ॅस्पी अडकून पडला होता, त्याला इंजिनचे स्पार्क प्लग हवे होते. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचे त्याला दिले. शर्यत अ‍ॅस्पीने जिंकली. तिसरे मनमोहन सिंग, त्यांचा प्रवास महिन्याच्या मुदतीत बसला नाही आणि बक्षीस हुकले.

पुढचे आपल्याला माहीत आहे. दोन वर्षांनी, 15 ऑक्टोबर 1932 रोजी, जे. आर. डी. कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले आणि देशातली विमानसेवा सुरू झाली. अ‍ॅस्पी पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. पण आम्हाला पुढच्यापेक्षा अबुकीरचा तो क्षण महत्त्वाचा वाटतो, कारण तेव्हा यातले काहीच ठरलेले नव्हते. जे. आर. डीं.ना ती शर्यत जिंकायची होती, हे नक्की. तरी प्लग दिले. म्हणजे त्यांची आकांक्षा उड्डाणाशी जोडलेली होती, अ‍ॅस्पी मागे राहण्याशी नव्हती. शब्दाची ओढ क्रियापदाकडे असते, शेजारच्या नामाने गप्प बसावे अशी नसते. आजची मुले मुलाखतीत विचारलेले प्रश्न एकमेकांना पाठवतात, स्वतःच्या टिपणांच्या प्रती देतात, हे आम्ही पाहिले आहे. ते आम्हाला त्या प्लगांच्या जातीचे वाटते.

इथे एक चिठ्ठी आली आहे. एका पालकांनी विचारले आहे : मुलीला परवाना मिळून चौदा महिने झाले, आणखी किती दिवस थांबू द्यावे?

हा आकडा आम्ही सांगू शकत नाही, कारण टाकी आमची नाही. तुम्ही तिला हा प्रश्न विचारला आहे का? तिच्याकडे तिचा आकडा असेल, इतके महिने, इतके पैसे, त्यानंतर अमुक, तर तिला मधल्या काळात रोज विचारू नका. होल्डमधल्या वैमानिकाला कुणी दर मिनिटाला हलवत नाही. आकडा नसेल तर आज रात्री जेवणानंतर तिघे बसा. कर्जाच्या हप्त्याचा कागद, वैद्यकीय प्रमाणपत्राची तारीख, महिन्याला उड्डाणाला लागणारे पैसे, एवढे समोर घ्या आणि आकडा तिला काढू द्या. गणित तिचे आपल्यापेक्षा चांगले आहे, त्यावर तिला परवाना मिळालेला आहे.